तिबेटी ब्रेल लिपी

तिबेटी भाषेतील मजकूर अंध व्यक्तींना बोटांच्या स्पर्शाने वाचता व लिहिता यावा, म्हणून तयार करण्यात आलेली उठावाच्या टिंबांची लिपी. जर्मनीतील बॉन विद्यापीठात तिबेटविद्येचे अध्ययन करणाऱ्या साब्रिये टेनबेर्केन (१९७० – ) या अंध विद्यार्थिनीने ती १९९२ मध्ये सिद्ध केली. तिबेटी भाषेची लेखनपरंपरा सातव्या शतकापासून अखंड चालत आली आहे. बौद्ध आगमांच्या अनुवादाचा शंभराहून अधिक खंडांचा संग्रह तीत असून वैद्यक, व्याकरण, तर्क, इतिहास व चरित्र या विषयांवरही तीत विपुल ग्रंथरचना झालेली आहे. अशा भाषेला स्पर्शलिपी मिळण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. या विलंबामागे राजकीय व सामाजिक कारणे होती, तसेच खुद्द तिबेटी लेखनाच्या घडणीचाही एक अवघड प्रश्न होता. लिपी टिंबांत उतरवायची म्हणजे उच्चार उतरवायचा की लेखन, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न ब्रेल लिपीच्या जन्माइतका जुना आहे. फ्रेंच सैन्यातील अधिकारी शार्ल बार्बिये याने अंधारात संदेश वाचता यावेत या कल्पनेतून टिंबांची एक पद्धती योजिली होती. तीत बारा टिंबांच्या चौकटीने फ्रेंच भाषेतील ध्वनी दर्शविले जात. शब्द कसा लिहितात हे त्या पद्धतीवरून कळत नसे, केवळ तो कसा उच्चारतात एवढेच कळे. पॅरिसच्या अंधशाळेतील विद्यार्थी लुई ब्रेल (१८०९–५२) याने १८२४ च्या सुमारास तीत दोन मूलगामी बदल केले. टिंबांची संख्या त्याने बारावरून सहावर आणली, त्यामुळे संपूर्ण चिन्ह बोटाच्या एका स्पर्शात सामावू लागले आणि ध्वनीऐवजी त्याने वर्णमालेतील अक्षरांना चिन्हे दिली. पहिल्या बदलाचा उल्लेख सर्वत्र आढळतो. दुसऱ्याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. वस्तुतः त्यामुळेच अंध वाचक डोळस वाचकांच्या ग्रंथव्यवहारात समान भागीदार झाला. शब्दाचे शुद्धलेखन, त्याची व्युत्पत्ती, समोच्चारित शब्दांतील भेद हे सर्व त्याच्या बोटाखाली आले. १८२९ मध्ये ब्रेलने आपली पद्धती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याच्या शाळेने तिचा अधिकृत स्वीकार केला तो १८५४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

उभ्या दोन ओळींत तीन-तीन याप्रमाणे मांडलेल्या सहा टिंबांतून ६३ आकृती मिळतात. रोमन वर्णमालेला त्या पुरून उरतात. पूर्व आशियात मात्र निराळाच पेच उभा राहिला. हजारो चित्राक्षरांना ६३ आकृती अपुऱ्या पडणार हे उघड होते. त्यामुळे जपानी ब्रेलने (१८९०) चित्राक्षरे बाजूला ठेवून ‘काना’ या उच्चारदर्शक अक्षरांचाच आधार घेतला. चीनमध्ये १८७० नंतरच्या दशकात विल्यम मरे या स्कॉटिश धर्मप्रचारकाने पेकिंगच्या बोलीतील अवयवांना (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांशांना) क्रमांक देऊन ते टिंबांनी दर्शविण्याची पद्धती काढली. तेथे आज प्रचलित असलेले ब्रेल ह्वांग नाय या अंध अभ्यासकाने १९५२ मध्ये तयार केले. तेही उच्चारावरच आधारलेले असून अवयवाचा आरंभ, शेष भाग व सूर यांसाठी त्यात चिन्हे आहेत. या भाषांतील अंध वाचकाला मजकूर कळतो. मात्र छापील पानावर तो कोणत्या अक्षरांत उमटला आहे, हे ब्रेलवरून त्याला समजत नाही.

भारतात अडचण निराळी होती. येथील लिप्या वर्णमूलक असल्याने आकृती कमी पडण्याचे कारण नव्हते. परंतु निरनिराळ्या प्रांतांत धर्मप्रचारकांनी व शिक्षकांनी आपापल्या पद्धती तयार केल्याने एकाच देशात, प्रसंगी एकाच भाषेत, एकाहून अधिक ब्रेल लिप्या रूढ झाल्या होत्या. १९४९ मध्ये भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे मांडला. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी यांच्या मार्गदर्शनाखाली पॅरिस (१९५०) व बेरूत (१९५१) येथे परिषदा झाल्या. त्यांतून भारतीय भाषांसाठी एकच समान तक्ता निश्चित झाला, तीच भारती ब्रेल होय. मराठी ब्रेलही तिचाच भाग आहे. ‘क’ हा वर्ण देवनागरीत, बंगालीत वा तमिळमध्ये कसाही काढला जात असला, तरी टिंबांत त्याचे रूप एकच राहते. भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराची उभी वा गुंतलेली मांडणी नाहीशी होते आणि वर्ण एकापाठोपाठ एक येतात. ‘भक्त’ हा शब्द भ, पाय मोडल्याची खूण, क, त अशा क्रमाने लिहिला जातो. ऱ्हस्व वेलांटी देवनागरीत व्यंजनाच्या आधी काढतात, परंतु ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते.

ज्या महिन्यांत बेरूत येथे हे एकीकरण घडत होते, त्याच महिन्यांत तिबेटचे भवितव्य पालटत होते. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटमध्ये शिरले आणि मे १९५१ मध्ये सतरा कलमी करार झाला. तिबेटमध्ये त्या वेळी अंधांसाठी एकही शाळा नव्हती. पुढील वर्षी तयार झालेले चिनी ब्रेल चिनी भाषेसाठी होते; तिबेटी लेखनाशी त्याचा काही संबंध नव्हता. अशा रीतीने तिबेटी भाषा दक्षिणेकडील व पूर्वेकडील अशा दोन्ही योजनांच्या बाहेर राहिली.

तिबेटी लिपी मुळात भारतीय कुळातील आहे. सम्राट स्रोंग्-ब्चन्-स्गम्-पो (सोंगत्सेन गांपो) याचा मंत्री थोन्मी संभोट याने भारतात अध्ययन करून ती तयार केली, असे परंपरा मानते. तीत तीस व्यंजने व इ, उ, ए, ओ या स्वरांची चार चिन्हे आहेत. देवनागरीप्रमाणे व्यंजनात ‘अ’ अंतर्भूत असतो. चौतीस चिन्हांना ६३ आकृती सहज पुरतात. अडचण संख्येची नसून मांडणीची आहे. तिबेटी लेखनात प्रत्येक अवयव टिंबवजा खुणेने वेगळा केलेला असतो आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मूलाक्षर असते. या मूलाक्षराच्या डोक्यावर र, ल किंवा स बसू शकतो, जवळजवळ आपल्या रफारासारखा. त्याच्या पायाशी य, र, ल किंवा व जोडला जाऊ शकतो. डावीकडे पाचांपैकी एखादे पूर्वाक्षर, उजवीकडे दहांपैकी एखादे अंत्याक्षर आणि कधी त्याही पुढे आणखी एक अक्षर येते. स्वरचिन्ह मूलाक्षराच्या वर किंवा खाली लागते. अवयव असा आडवा व उभा दोन्ही अंगांनी वाढतो आणि डोळ्याला मूलाक्षर कोणते ते मुख्यतः या रचनेवरूनच ओळखता येते.

यातील बहुतेक जोड अक्षरे ल्हासाच्या बोलीत आता उच्चारली जात नाहीत. नवव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या सुधारणांनंतर वर्णलेखन फारसे बदलले नाही, उच्चार मात्र बदलत गेले. ‘आठ’ या अर्थाचा शब्द ब, र, ग, य, द अशा पाच अक्षरांनी लिहितात, पण ल्हासात तो ‘ग्ये’ असा काहीसा ऐकू येतो. ‘सिद्ध केले’ या अर्थाच्या एका क्रियारूपात ब, स, ग, र, उ, ब, स अशी सात चिन्हे असून उच्चार ‘डुप’च्या जवळपास होतो. छापील पानावर ही सात चिन्हे चार अक्षरांच्या जागेत मावतात. एकेका चिन्हाला टिंबांचे एकेक घर दिल्यास सात घरे लागतात. ब्रेलची पुस्तके आधीच जाडजूड असतात, ती आणखी वाढणार हे ओघानेच आले. मग उच्चार तेवढा लिहून मोकळे का होऊ नये, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

तथापि तसे केल्यास काय गमवावे लागेल, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘मी’ या अर्थाचा तिबेटी शब्द केवळ ‘ङ’ असा आहे. त्यावर ल चढविला की ‘पाच’ आणि र चढविला की ‘नगारा’ हा अर्थ होतो. ल्हासाच्या बोलीत पहिला शब्द खालच्या सुरात व उरलेले दोन वरच्या सुरात उच्चारतात; ‘पाच’ व ‘नगारा’ कानाला एकच आहेत. लेखनाने राखलेला हा भेद उच्चारानुसारी ब्रेलमध्ये नाहीसा होतो. शिवाय उच्चार कोणाचा धरावयाचा हाही प्रश्न आहे. खाम, आम्दो, लडाख, बाल्टिस्तान येथील बोली परस्परांपासून दूर गेल्या असून लडाखी व बाल्टीत ल्हासाने टाकलेली कित्येक पूर्वाक्षरे व शिरोक्षरे अजून उच्चारली जातात. या सर्वांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे लेखन. ते सोडणे म्हणजे अंध वाचकाला एका शहराच्या बोलीत बंदिस्त करून बाराशे वर्षांच्या ग्रंथांपासून तोडणे होय.

लेखनच उतरवायचे ठरल्यावर उभी रचना आडव्या ओळीत आणण्याचे काम उरते. त्यात फसव्या जागा आहेत. तिबेटच्या पठारावरील ‘याक’ या प्राण्याचे नावच त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. ते लिहिताना ग हे पूर्वाक्षर डावीकडे व य हे मूलाक्षर त्याच्या शेजारी येते. पण ग हे मूलाक्षर असून य त्याच्या पायाशी जोडला, तर अगदी वेगळा अवयव होतो. कागदावर शेजारी आणि खाली हा फरक चटकन दिसतो. एका ओळीत दोहोंतही ग नंतर य, एवढेच उरते. अमेरिकन तिबेटविद् टरेल वायली यांनी १९५९ मध्ये रोमन लिप्यंतराची जी पद्धती मांडली आणि जी पुढे विद्वानांत सर्वमान्य झाली, तीत अशा ठिकाणी मध्ये पूर्णविरामाचे टिंब देऊन हा घोटाळा टाळला आहे. तसेच र च्या खाली ग जोडणे आणि र नंतर ग अंत्याक्षर म्हणून येणे, यांतील भेदही ‘अ’ लिहिला जात नसल्याने सपाट ओळीत पुसला जाण्याचा धोका असतो. तिबेटीसाठी कोणतीही स्पर्शलिपी रचणाऱ्यास या जोडणीची काही ना काही खूण ठेवणे अपरिहार्य आहे.

उभ्या रचनेला ओळीत आणण्याची युक्ती तिबेटी पाठशाळांना मात्र नवी नव्हती. तेथे मुले अक्षरे जुळवून मोठ्याने वाचण्याचा सराव करतात. पूर्वाक्षर, शिरोक्षर, मूलाक्षर, पदाक्षर, स्वर, अंत्याक्षर या ठराविक क्रमाने एकेक अक्षर उच्चारायचे, कोणते अक्षर कशाला जोडले आहे ते शब्दांनी सांगायचे आणि शेवटी संपूर्ण अवयवाचा प्रत्यक्ष उच्चार करायचा, अशी ही पद्धती आहे. म्हणजे डोळ्यासाठी उभा असलेला अवयव कानासाठी शतकानुशतके आडवा होतच आला होता. वायलींच्या लिप्यंतराचा क्रमही हाच आहे. तिबेटी लेखनाचे रेषारूप हे बाहेरून लादलेले नाही, असे म्हणण्यास यामुळे पुरेसा आधार मिळतो.

साब्रिये टेनबेर्केन यांची दृष्टी डोळ्यांतील पडद्याच्या विकारामुळे बालपणापासून मंदावत गेली व वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी त्या पूर्णपणे अंध झाल्या. मारबुर्ग येथील अंधांच्या विद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. अंध विद्यार्थ्याला तिबेटी शिकण्याचे कोणतेही साधन तेथे नव्हते, कारण जगात ते कोठेच नव्हते. स्वतःच्या अभ्यासाची गरज म्हणून त्यांनी टिंबांची योजना आखली. परिचित जर्मन ब्रेलची चिन्हे त्यांनी पायाभूत धरली, अन्य भाषांच्या ब्रेलमधून काही चिन्हे घेतली आणि ब्रेलच्या तत्त्वांची सांगड अवयवाधिष्ठित तिबेटी लेखनाशी घातली. छापील लेखनातल्याप्रमाणे अंतर्भूत ‘अ’ त्यांनी लिहिला नाही. एका तिबेटी विद्वानाने ही लिपी तपासून ती सुबोध व शिकण्यास सोपी असल्याचे मत दिले, तेव्हा तिचा उपयोग तिबेटमधील अंधांना होऊ शकेल ही कल्पना पुढे आली. पुढे एका जर्मन गणितज्ञाने वायली पद्धतीने टंकलिखित केलेल्या मजकुराचे तिबेटी ब्रेलमध्ये रूपांतर करणारी संगणक-आज्ञावली तयार केली. लिपी लेखनानुसारी असल्यामुळेच हे शक्य झाले. उच्चारानुसारी लिपीसाठी यंत्राला प्रथम तिबेटी वाचता आले असते, तरच पुढची पायरी गाठता आली असती.

१९९७ मध्ये टेनबेर्केन तिबेटला गेल्या. खेड्यापाड्यांतून, प्रसंगी घोड्यावरून, प्रवास करून त्यांनी अंध मुलांची स्थिती पाहिली. अंधत्व हे गतजन्मीच्या कर्माचे फळ मानले जात असल्याने कित्येक मुले घरातच ठेवली जात होती. तिबेटमध्ये अंधत्वाचे प्रमाणही मोठे आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लोकसंख्येच्या १·४ टक्के व्यक्ती अंध आढळल्या व त्यांपैकी सु. निम्म्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हे होते. उंचावरील प्रखर सूर्यप्रकाश व वैद्यकीय सोयींचा अभाव यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. १९९८ मध्ये पॉल क्रोनेनबर्ग या डच सहकाऱ्यासमवेत त्यांनी ल्हासात अंध मुलांसाठी शाळा काढली. तिबेटमधील ती अशी पहिलीच शाळा होय. तेथे मुलांना तिबेटी, चिनी व इंग्रजी या तिन्ही भाषांचे ब्रेल शिकविले जाई. लेखनानुसारी तिबेटी, उच्चारानुसारी चिनी आणि मूळ ब्रेलला जवळची इंग्रजी अशा तीन भिन्न तत्त्वांच्या लिप्या एकाच बोटांनी आत्मसात करणारी ही मुले भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय व्हावयास हवी होती. शाळेला जोडून ब्रेल पुस्तकांची निर्मिती सुरू झाली, तर शिगात्सेजवळ शेती व व्यवसायशिक्षणाचे केंद्र उघडण्यात आले. पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये मिळू लागल्यावर काही विद्यार्थी डोळस मुलांच्या सामान्य शाळांत दाखल झाले. शेजारी बसलेल्या मुलाच्या पुस्तकात जी अक्षरे होती, तीच यांच्या पुस्तकात होती. शिक्षकाने शुद्धलेखन सांगितले, तर ते दोघांनाही सारखेच लागू पडे.

या कार्याला ‘ब्रेल विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे रूप मिळाले. २००४ मध्ये शाळेतील सहा मुलांनी एव्हरेस्टच्या उत्तरेकडील ल्हाक्पा री शिखराच्या चढाईत भाग घेतला व त्या मोहिमेवरील ब्लाइंडसाइट (२००६) हा अनुबोधपट जगभर गाजला. लिपीपेक्षा या साहसाला अधिक प्रसिद्धी मिळाली, हे काहीसे खेदजनक आहे. पुढे टेनबेर्केन व क्रोनेनबर्ग यांनी केरळात तिरुवनंतपुरमजवळ वेल्लायनी सरोवराच्या काठी सामाजिक कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची संस्था उभारली (२००९). तेथील तिखट रानमिरचीवरून तिला ‘कांतारी’ असे नाव देण्यात आले. या संस्थेचे क्षेत्र अंधांपुरते मर्यादित नाही.

भूतानची राजभाषा जोंगखा हीही तिबेटी लिपीतच लिहिली जाते आणि तेथील अंधशिक्षण तिबेटपेक्षा जुने आहे. पूर्व भूतानमधील खालिंग येथे १९७३ मध्ये अंधांची शाळा स्थापन झाली. परंतु जोंगखा ब्रेलने इंग्रजी ब्रेलचा आधार घेतला, तर तिबेटी ब्रेलने जर्मन ब्रेलचा. अंतर्भूत ‘अ’ न लिहिण्यासारखी काही तत्त्वे दोहोंत समान असली, तरी तक्ते वेगळे आहेत. भारतात १९५१ पूर्वी जी स्थिती होती, तिचीच ही लहान प्रमाणावरील आवृत्ती म्हणता येईल; फरक इतकाच, की भारतात लिप्या अनेक असून ब्रेल एक झाले आणि हिमालयापलीकडे लिपी एक असून ब्रेल दोन झाली. दोन्ही बाजूंचा व्यवहार स्वतंत्र राजकीय सत्तांखाली चालत असल्याने त्यांना एकत्र आणणारी बेरूतसारखी परिषद भरण्याचा योगही आलेला नाही. ल्हासात छापलेले पुस्तक खालिंगमधील डोळस मुलाच्या हाती दिले, तर अर्थ कळो वा न कळो, प्रत्येक अक्षर त्याला ओळखता येईल. त्याच पुस्तकाची ब्रेल प्रत वाचावयाची झाल्यास त्याच्या अंध भावंडाला आधी दुसरा तक्ता शिकावा लागेल.